मिसाखाली आत असताना: एका जिल्हा बातमीदाराचा अनुभव

जून महिना आला की आणीबाणीवर भरपूर लिहून येतं, पण त्यात दिल्ली असते, मोठे नेते असतात, जिल्ह्याच्या गावात छोट्या दैनिकात काम करणाऱ्या माणसाचं काय झालं ते फारसं कुठे येत नाही, म्हणून मिसाखाली, म्हणजे अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याखाली, मी आत होतो तेव्हाचं लिहायला बसलोय. वय झालंय, आता नाही लिहिलं तर राहूनच जाईल.

मी तेव्हा चार पानी दैनिकात बातमीदार होतो. चार पानी म्हणजे बातमी आणायची मीच, लिहायची मीच, प्रूफं तपासायची पण मीच. खिळे जुळवून छपाई चालायची. 26 जून 1975 ला सकाळी आकाशवाणीवर इंदिरा गांधींचं भाषण ऐकलं, घाबरून जायचं कारण नाही असं त्या सांगत होत्या, आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्याकडे निरोप आला की उद्यापासून छापण्याआधी मजकूर दाखवायचा. म्हणजे रोज रात्री गॅलीची ओली प्रूफं घेऊन सायकलवर एका अधिकाऱ्याकडे जायचं, तो लाल पेन्सिलीने मारेल ते काढायचं, आणि जिथून काढलं ती जागा कोरी ठेवायची नाही. हा कोरी न ठेवायचा नियम फार महत्त्वाचा, लोकांना तो माहीतच नाही. 28 जूनला इंडियन एक्सप्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती, वाचकाला काय कळायचं ते कळलं, म्हणून मग सगळ्यांनाच बंदी. आमचा फोरमन त्यासाठी पाककृती आणि पीकपाण्याचा मजकूर आधीच जुळवून ठेवायचा. वाचकाला रात्रीची कापाकापी दिसूच नये अशी सोय होती ती.

आणि कापलं काय जायचं, तर राजकारण तर गेलंच, पण रॉकेलची रांग, मोंढ्यातले भाव, दवाखान्यात औषध नाही, असलं पण जायचं. माझ्या दृष्टीने तो सगळ्यात वाईट भाग होता. 72 च्या दुष्काळात मी खडी फोडायच्या कामांवर फिरलो होतो, मस्टरवर खोटी नावं, मजुरी महिना महिना थकलेली, हे सगळं नाव-गावासकट लिहिलं होतं, त्यावरून चौकशा लागल्या होत्या, दोन-तीन मोठी माणसं दुखावली होती. आता तशीच तक्रार घेऊन बाया ऑफिसात यायच्या आणि मला त्यांना सांगावं लागायचं की बाई, छापता येणार नाही. त्यांना सेन्सॉर काय कळणार, त्यांना वाटायचं हा पण विकला गेला.

1975 सालीच कऱ्हाडला साहित्य संमेलन झालं, दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या आणि तेव्हा केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष. इंदिरा गांधींविरुद्ध आंदोलन उभं करणारे जयप्रकाश नारायण, म्हणजे जेपी, तेव्हा किडनीच्या आजाराने मुंबईत जसलोक हॉस्पिटलला होते. दुर्गाबाईंनी यशवंतराव व्यासपीठावर असतानाच लोकांना उभं केलं आणि जेपींच्या प्रकृतीसाठी प्रार्थना केली. सगळीकडे तोंडी तोंडी पसरलं ते, आमच्या पेपरात मात्र त्याची एक ओळ आली नाही. मी आणि आणखी दोघांनी मिळून त्याचं पत्रक सायक्लोस्टाईल करून वाटलं. पुढे 76 साली दुर्गाबाईंनाही अटक झाली हे मला आत असताना कळलं.

पत्रकानंतर थोड्याच दिवसांत रात्री पोलीस आले. दार वाजवणारा हवालदार ओळखीचा होता, क्राइमच्या बातमीसाठी मी रोज त्याच्याकडेच जायचो, तो वर बघतच नव्हता. इन्स्पेक्टरने कागद दिला. सायक्लोस्टाईल केलेला फॉर्म, मधे गाळलेल्या जागा, त्यात हाताने नाव भरलेलं. सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधा येईल असं वर्तन करण्यापासून रोखण्यासाठी स्थानबद्ध करण्यात येत आहे, खाली सही, शिक्का. माझ्या वडलांचं नाव चुकीचं पडलं होतं. मी म्हणलं साहेब हा माणूस मी नाही. त्यांनी खिशातलं पेन काढलं, चुकीचं नाव खोडलं, मला विचारून बरोबर नाव वर लिहिलं आणि म्हणाले, चला. इतकी वर्षं झाली, मला तो पेनाचा फराटा अजून दिसतो. कायद्याचा कागद आहे, चुकला तर परत पाठवतील, असं मला खरंच वाटलं होतं.

बायको म्हणाली, "अहो, स्वेटर तरी घ्या." आई देवघरात जाऊन बसली ती बाहेरच आली नाही. मुलगी झोपलेली होती.

मिसा म्हणजे काय होतं ते आता थोडं सांगतो, कारण सगळं दुखणं त्या कागदात आहे. कायदा 1971 चा, अंतर्गत सुरक्षेचा. आधी त्यात निदान असं होतं की धरलं तर कारणं द्यायची आणि सल्लागार मंडळापुढे न्यायचं. 29 जून 1975 ला वटहुकूम निघाला आणि 16 अ हे कलम घातलं गेलं, आणीबाणीसाठी याला आत ठेवणं गरजेचं आहे एवढं सरकारने जाहीर केलं की कारण सांगायची गरज नाही, मंडळ नाही, काही नाही. नंतर तर कारणं कोर्टाला सुद्धा दाखवायची नाहीत असं करून टाकलं. दर चार महिन्यांनी सरकारने फेरविचार करायचा, तो पण बंद खोलीत, आपल्याला विचारायचं नाही. 1976 च्या जूनमध्ये आणखी एक वटहुकूम आला आणि कारण न सांगता ठेवायची मुदत 12 महिन्यांवरून 24 महिने झाली.

आमच्या इथे रस्त्यावर रणगाडे आले नव्हते, लष्कराने सत्ता घेतली नव्हती, सगळं संविधानातल्या 352 कलमाखाली, सह्या-शिक्क्यांनिशी झालं. लष्करशाहीत पत्रकारांचं काय होतं ते आपल्या शेजारीच बघायला मिळालं, 1978 मध्ये पाकिस्तानात जनरल झियांच्या राजवटीत लाहोरला पत्रकारांना फटक्यांची शिक्षा झाली आणि ती प्रत्यक्ष दिली गेली. मला जेलमध्ये कुणी हात लावला नाही, हे मी स्वच्छ सांगतो. पण म्हणून आपल्याकडे कुणालाच लावला नाही असं कुणी म्हणू नये. केरळात राजन नावाचा इंजिनिअरिंगचा पोरगा पोलिसांच्या कॅम्पात मेला, त्याचे वडील आयुष्यभर त्याचं प्रेत शोधत राहिले. बंगळूरला स्नेहलता रेड्डींना दमा होता, जेलमध्ये हाल झाले, सुटल्यावर काही दिवसांतच 77 च्या जानेवारीत गेल्या. भूमिगत झालेले समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिस यांचा ठावठिकाणा काढायला त्यांचा भाऊ लॉरेन्स यांना पार मोडून टाकलं. आम्ही मिसावाले त्या मानाने सुरक्षित होतो, स्वतःचे कपडे घालायला मिळायचे, पेपर मिळायचा.

जेलमध्ये गेल्यावर पहिल्या रात्री झोप लागली नाही ती दिव्यामुळे. बराकीतला दिवा रात्रभर चालू, आणि वॉर्डर दर थोड्या वेळाने मोजत जाणार. संध्याकाळी टाळाबंदी झाली की बाहेरचे मोजणारे आणि आतले मोजले जाणारे, आकडा जुळला नाही की परत पहिल्यापासून. सकाळी टोटल जुळली की दार उघडायचं. जेवणात भाकरी, पातळ वरण, आणि पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे भोपळा. हे सगळं माणूस सोसतो, त्याचं काही वाटत नाही.

सोसत नाही ते तारीख नसणं. आमच्या बराकीत झाडलोट करायला एक जन्मठेपेचा कैदी यायचा, भावकीच्या भांडणात खून झालेला. तो बोटावर हिशोब करायचा, इतकी माफी मिळाली, इतकी राहिली, अमक्या साली आषाढीच्या आत सुटतो. एकदा त्याने विचारलं, "भाऊ, तुमाला किती लागली?" मी म्हणलं काहीच लागली नाही, केसच नाही. त्याला पटेना. "आसं कसं आसंल, काय तरी आसंलच की." त्याने मग दुसऱ्या कैद्यांना विचारलं, जमादाराला विचारलं, आणि परत येऊन गप्प झाडायला लागला, त्या दिवसापासून तो माझ्याशी जास्त मायेने वागायला लागला. खुनाच्या शिक्षेत असलेल्या माणसाला माझी कीव आली होती, कारण त्याच्याकडे तारीख होती आणि माझ्याकडे नव्हती.

बराकीत सगळ्या प्रकारची माणसं. संघाच्या शाखेचे लोक सगळ्यात जास्त, मग आम्ही सेवा दलाच्या वळणाचे, थोडे कम्युनिस्ट, जमात-ए-इस्लामीचे काही, एक जुने सर्वोदयी गुरुजी. बाहेर एकमेकांच्या सभा उधळणारी माणसं ही. पहिले महिनाभर चहा पण वेगवेगळा चालायचा. नंतर एका काकांना रात्री छातीत दुखायला लागलं, डॉक्टर येईपर्यंत एका बाजूने शाखेचा पोऱ्या आणि दुसऱ्या बाजूने जमातचे मौलवी त्यांचे तळपाय चोळत बसले होते, त्यानंतर चहा एकत्र झाला. वाद संपले नाहीत हां, उलट वाढले, पण आता ते एका ताटाभोवती बसून व्हायचे. पुढे जनता पक्षाचं जे झालं ते झालं, त्यावर मी इथे लिहिणार नाही.

मला लिहायची सवय, आणि कागदाचं रेशन. मिळेल ती वही, पण तिच्या पानांवर आकडे टाकलेले आणि प्रत्येक पानावर शिक्का, म्हणजे पान फाडून बाहेर पाठवायची सोय नको. आमच्यात एक वकील साहेब होते, त्यांनी मला एक जुना खटला सांगितला तो मला तिथे फार उपयोगी पडला. प्रभाकर संझगिरी म्हणून कम्युनिस्ट नेते, 62 नंतर भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध होते, आत बसून त्यांनी अणूविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. सरकारने हस्तलिखित बाहेर पाठवू दिलं नाही. 1965 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्थानबद्धतेच्या अटींमध्ये पुस्तक लिहू नये, पाठवू नये असं कुठे लिहिलेलं नाही, त्यामुळे अडवता येणार नाही. तर त्या खटल्याचा आधार घेऊन आम्ही सुपरिंटेंडेंटकडे अर्ज केला, आणि बाहेर पाठवायला नाही पण आतल्या आत हस्तलिखित काढायला परवानगी मिळाली. सगळ्या गटांचे लेख घेतले मी त्यात. जन्मठेपेच्या त्या कैद्याने सांगितलेली दुष्काळाची हकीकत पण घेतली, त्याच्याच भाषेत, एक शब्द न बदलता. संपादक म्हणून मला स्वातंत्र्य मिळालं ते तिथे मिळालं, बाहेर तेव्हा कुणालाच नव्हतं.

पत्रं यायची काळी होऊन. बायकोच्या पत्रात ओळीच्या ओळी शाईने मारलेल्या, आणि मी ते पत्र उन्हात धरून मागून वाचायचा प्रयत्न करायचो, कधी कधी एखादं अक्षर लागायचं. एका पत्रात अर्धं पान मारलेलं होतं, मी आठ दिवस काळजीत, आई गेली की काय, मुलगी आजारी की काय. भेटीत विचारलं तर म्हणाली, "अहो, मालकांनी पगार बंद केला तेवढंच लिहिलं होतं, आणि शिलाई मशीन घेतलं म्हणून."

मुलाकातीचं तर सांगू नये असं आहे. टेबलाच्या एका बाजूला मी, समोर ती, मधे साध्या कपड्यातला पोलीस वही घेऊन. तिने शेंगदाण्याचे लाडू आणले होते, गेटवर प्रत्येक लाडू फोडून बघितला, चिठ्ठी आहे का म्हणून. तिने तो चुरा परत डब्यात भरून आणला. मुलगी माझ्याकडे यायला तयार नव्हती, दाढी वाढलेली होती माझी. बायको मला सांगत होती की सगळं ठीक आहे, आणि तिच्या बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेले मला दिसत होते. बाहेर लोक रस्ता बदलून जायचे तिच्यापासून, घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली, हे मला सुटल्यावर कळलं. एक फोरमन तेवढा दर महिन्याला येऊन पाकीट ठेवून जायचा, कुणाचे पैसे ते त्याने कधी सांगितलं नाही. मिसाबंदींचे सत्कार नंतर खूप झाले, हारतुरे झाले, त्या बायकांना स्टेजवर कुणी बोलावलं नाही. आणीबाणीबद्दल मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर याचा.

28 एप्रिल 1976. नऊ हायकोर्टांनी, त्यात आपलं मुंबई पण, असं म्हणलेलं होतं की आणीबाणी असली तरी स्थानबद्धाला कोर्टात दाद मागता येते. त्यामुळे बराकीत आशा होती, वकील साहेब रोज समजावून सांगायचे, काही जणांनी तर सामान आवरून ठेवलं होतं. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, तो जबलपूरच्या खटल्याचा म्हणून ओळखला जातो. चार विरुद्ध एक. कोर्टात हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा असा, अर्ज करायचा हक्कच नाही, विषय संपला. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात गेले. त्या चौघांत आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते याचं वकील साहेबांना फार लागलं, ते दोन दिवस जेवले नाहीत. सुनावणीत खन्नांनी सरकारी वकिलांना विचारलं होतं की उद्या एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाला मारून टाकलं तर काय, आणि उत्तर आलं होतं की आणीबाणी आहे तोवर कोर्टाकडे उपाय नाही. हे आम्हाला नंतर कळलं, आणि तेव्हा सगळ्यात शांत असलेले सर्वोदयी गुरुजी पहिल्यांदा मोठ्याने बोलले, "म्हणजे आपण इथे जिवंत आहोत ते कुणाच्या तरी मर्जीने." खन्नांना पुढे डावलून कनिष्ठाला सरन्यायाधीश केलं, त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल चूक होता असं सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हणलं 2017 मध्ये, आणि ते लिहिणारे होते चंद्रचूडांचेच चिरंजीव. वकील साहेब तोवर हयात नव्हते.

त्या निकालानंतर हमीपत्रांचा जोर वाढला. छापील नमुना यायचा, इंदिरा गांधींच्या वीस कलमी कार्यक्रमाला माझा पाठिंबा आहे, सरकारविरोधी कामात भाग घेणार नाही, सही करा, विचार होईल. एका शिक्षकाने सही केली. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं मोडायच्या बेतात होतं. ते रात्री प्रत्येकाच्या वळकटीपाशी जाऊन सांगत होते, माफ करा. काही जणांनी तोंड फिरवलं. आज पन्नास वर्षांनी पण लोक यादी काढतात, कोणी सही केली, कोणी नाही. मला हे अजिबात पटत नाही. कारण न सांगता, तारीख न देता माणसाला डांबलं, बाहेर त्याचं घर मोडत चाललं, आणि हिशोब मागायचा तो त्याने केलेल्या सहीचा? ज्यांनी तो नमुना छापला त्यांची नावं कुणी विचारत नाही. मी सही केली नाही, कारण बायकोने भेटीत पोलिसासमोर सांगितलं होतं की आमचं चाललंय, तुम्ही घाई करू नका. तिने उलट सांगितलं असतं तर मीही केली असती आणि त्यात काही कमीपणा मानला नसता.

18 जानेवारी 1977 ला निवडणुका जाहीर झाल्या आणि मग आठवड्याभरातच सुटकेचे कागद यायला लागले. माझा पण आला, तसाच सायक्लोस्टाईल. गेटवर सामान तपासलं, कपडे दिले, आणि वह्या ठेवून घेतल्या, हस्तलिखिताचे अंक पण. तपासून पाठवतो म्हणाले.

मार्चमध्ये मतमोजणीच्या रात्री मी परत डेस्कवर होतो. फोरमनने मालकांना सांगितलं होतं की याला घेणार नसाल तर आम्ही पण येत नाही. रायबरेलीला इंदिरा गांधींविरुद्ध राजनारायण 55,202 मतांनी निवडून आले, तो आकडा मी स्वतः कंपोझिंगला दिला. 21 मार्चला आणीबाणी उठली. पुढे आणीबाणीतल्या कारभाराची चौकशी करायला शहा आयोग बसला, त्यातून बाहेर आलं की मिसा आणि डीआयआर (भारत संरक्षण नियम) मिळून एक लाखाच्या वर माणसं आत होती, त्यात सुमारे 35 हजार मिसाखाली, आणि पत्रकार अडीचशेच्या वर. 44 व्या घटनादुरुस्तीने जगण्याचा हक्क आणीबाणीतही काढून घेता येणार नाही असं झालं, ही फार मोठी गोष्ट झाली. खटला न चालवता स्थानबद्ध करायची तरतूद मात्र 22 व्या कलमात अजून आहे, वेगवेगळ्या नावांचे कायदे त्याखाली चालू आहेत, आणि पत्रकारांवर ते लागतात तेव्हा मी आजही दोन ओळी निषेधाच्या लिहून पाठवतो.

मला कशासाठी धरलं होतं ते विचारायला 1977 मध्येच अर्ज दिला होता. पत्रक कारण असेल तर ते वाटणारे बाकी दोघं का नाही धरले? माझा अंदाज खडीच्या कामांच्या बातम्यांवर आहे, त्यातली दुखावलेली माणसं तेव्हा जिल्ह्यात वजन राखून होती, पण अंदाज म्हणजे पुरावा नाही आणि मी आयुष्यभर पुराव्यावर बातम्या दिल्या. त्या अर्जाला उत्तर आलं नाही. माहिती अधिकार आल्यावर परत टाकला, कारणांची फाईल आणि माझ्या वह्या, दोन्ही मागितलं. उत्तर आलं की जुने अभिलेख मुदतीनंतर नष्ट करण्यात आले आहेत, वह्यांची नोंद आढळत नाही. अपील केलं, तिथेही तेच. त्या कैद्याची दुष्काळाची हकीकत मला जेवढी आठवते तेवढी मी परत लिहून काढलीय, त्याचं गाव माहीत आहे, घरचं कुणी सापडलं तर त्यांना वाचून दाखवायची आहे.